फक्त बटणं राहिलीत

मी शिंपीण आहे, आणि शिंप्याच्या धंद्यात खोटं बोलल्याशिवाय दिवस मावळत नाही. गिऱ्हाईक दारात उभं असतं, त्याचं कापड अजून गठ्ठ्यातून बाहेर निघालेलं नसतं, आणि आपण तोंडातला दोरा बाजूला करून सांगतो, "झालंच आहे हो. फक्त बटणं राहिलीत." गिऱ्हाइकालाही सगळं ठाऊक असतं. ते मान डोलावून जातं. कुणाचं काही बिघडत नाही.

एकदाच हे वाक्य माझ्या अंगाशी आलं. चौदा फूट लांबीचं.

आमचे हे लाँचवर इंजिन चालवायचे. नदीच्या या काठावरून त्या काठाला आणि त्या काठावरून या काठाला, एवढाच प्रवास. पण मोजला तर पृथ्वीला फेऱ्या झाल्या असतील, असं ते स्वतःच सांगायचे. सांगायचे म्हणजे ओरडूनच. इंजिनाशेजारी सगळं आयुष्य काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. जेवताना यांनी मीठ मागितलं की गल्लीला कळायचं. शेजारच्या मास्तरीणबाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण शिकवणं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. त्या भिंतीपलीकडून म्हणायच्या, "अहो, हळू बोला. माझ्या घरात कुणी बहिरं नाही." मीही लग्न झाल्यापासून तेच म्हणत होते.

मग पूल झाला. पुलावरून बस सुरू झाली आणि लाँच बंद पडली. शेवटच्या दिवशी मालकानं लाँचबरोबरच्या छोट्या होडीची मोटर यांच्या खांद्यावर ठेवली. होडी केव्हाच कुजली होती, मोटर मात्र यांनी जपली होती. "तुमचीच आहे ही," मालक म्हणाला.

मोटर घरी आली. यांचा आवाज तिकडंच राहिला.

भांडण नाही, दुखणं नाही. फक्त बोलणं आटलं. "हं." "बरं." "ठेव तिथं." भाजीत मीठ नसलं तरी मुकाट जेवायचे. धक्क्याकडं जाणारा रस्ता सोडून लांबून फिरून बाजारात जायचे. लेक दुसऱ्या शहरात असते. ती फोनवर विचारायची, "बाबा बोलले का काही?"

"हं म्हणाले."

"कसं हं? लांब की आखूड?"

अशी आमची दशा. माणसाच्या हुंकाराची लांबी मोजायची.

रविवारी मात्र ते उठायचे. मागच्या अंगणात पाण्यानं भरलेला मोठा ड्रम होता. त्याच्या काठाला मोटर अडकवायची, दोरी ओढायची; मग ती ड्रमातलं पाणी घुसळत, धडधडत, जागच्या जागी धावायची. गंज चढू नये म्हणून, एवढंच कारण. हे शेजारी स्टुलावर बसायचे, थोड्या वेळानं ती बंद करायचे, पुसून ठेवायचे.

"आज कुठं पोचला तुमचा ड्रम?" मास्तरीणबाई भिंतीवरून विचारायच्या. पूर्वीचे हे असते तर त्यांनी गल्लीभर ऐकू जाईल असा पत्ता सांगितला असता. आता नुसतं हसल्यासारखं करायचे.

अशाच एका रविवारी पलीकडच्या काठावरून एक माणूस आला. त्याची माशांची तळी आहेत, म्हणून त्याला सगळे तळेवालाच म्हणतात. त्यानं मोटरचा आवाज ऐकला, स्वतः दोनदा दोरी ओढून पाहिली आणि म्हणाला, "घेतो."

यांनी त्याला बोलावलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

"विकणार?" मी विचारलं.

"पडून काय करायचंय तिला. चालवायला जागा राहिली नाही, मोटर ठेवून उपयोग काय."

एका दमात इतके शब्द! मी आधी शब्दांनीच हरखले. अर्थ मागून आला. मोटर गेली की ड्रम जाणार. ड्रम गेला की रविवार जाणार. मग हा माणूस सकाळी उठणार कशासाठी? डोक्यात एवढंच आलं, आणि तोंडातून धंद्याची सवय बाहेर पडली.

"विकायची नाहीये ती. तिच्यासाठी होडी होतेय."

तळेवाल्यानं अंगणात इकडंतिकडं पाहिलं. "कुठंय?"

"शिवायला घेतलीय," मी म्हणाले आणि जीभ चावली. "म्हणजे, बांधायला. झालीच आहे. फक्त बटणं राहिलीत."

तो हसला नाही. सरळ माणूस. माझ्याकडं, मग यांच्याकडं, मग ड्रमकडं बघत राहिला. "असं करू," तो म्हणाला. "मला मोटर लागणार उन्हाळ्याच्या तोंडाला. तेव्हा टेम्पो घेऊन येतो. होडी पाण्यावर चालताना दिसली, तर मी रिकामा परत जातो. नाही दिसली, तर मोटर माझी. चालेल?"

"चालेल," हे म्हणाले. माझ्याकडं न बघता. आणि यांनी शब्द दिला की दिला. तो मोडायचा तर नवरा नवा आणावा लागला असता.

तळेवाला गेल्यावर यांनी विचारलं, "होडी कोण बांधणार?"

"मी."

"हं," म्हणाले आणि आत गेले. चांगला लांब हं होता तो.

मला शिवणकामही कुणी शिकवलं नव्हतं. आईचा जुना झगा उसवला, तुकडे जमिनीवर पसरले, परत जोडले, झालं शिक्षण. म्हटलं, होडीचंही तसंच असणार. फोनवर शोधलं, तर कुठल्याशा थंड देशातला एक दाढीवाला मागच्या गॅरेजात होड्या बांधून दाखवत होता. त्याची भाषा निम्मी कळायची, हात पूर्ण कळायचे. आणि काय करत होता तो? प्लायवूडचे लांब तुकडे कापत होता, कडेनं भोकं पाडत होता, त्यातून तांब्याची तार ओवून पिळत होता. सपाट तुकडे ओढले जाऊन एकमेकांना भिडत होते आणि त्यांना पोट येत होतं, नाक येत होतं. मी मशीन थांबवून बघत राहिले. अगं बाई, हा तर कच्चे टाके घालतोय! मग सांध्यावर रेझिनचा लेप, वर काचेच्या धाग्याची पट्टी, म्हणजे ती पक्की टीप. आणि तारा काढून टाकायच्या. मला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं की होडी शिवता येते.

लेकीनं आराखडा विकत घेऊन पाठवला. जिथं घरांचे नकाशे छापतात तिथून मी तो खऱ्या मापात छापून आणला. भलीमोठी गुंडाळी. काखेत मारून तशीच लाकडाच्या वखारीत गेले.

"बोला ताई, कपाट करायचंय?" वखारवाला म्हणाला.

"होडी. पाण्यात टिकणारं प्लायवूड द्या."

त्यानं माझ्या पाठीमागं पाहिलं, कुणी बाप्या येतोय का ते. "मिस्त्री कोण आहे?"

"मीच."

"बरं," तो म्हणाला. मग राहवेना त्याला. "ताई, एक विचारू? दारातून बाहेर निघेल ना?"

पुढं हा प्रश्न मला पोस्टमनपासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी विचारला. जणू मी लोकांचे कपडे शिवून मान घालायला जागा ठेवायची विसरते. मी शिलाईच्या शेडचं दार सगळ्यात आधी मापलं होतं. दोन्ही झडपा उघडल्या की होडी निघून दोन्ही बाजूंना चार-चार बोटं उरत होती. वखारवाल्याला तसं सांगितलं, तेव्हा त्यानं कानावरची सुताराची चपटी लाल पेन्सिल काढून मला दिली. "ही ठेवा. खडूनं लाकडावर नीट उमटत नाही."

शेडमधलं मशीन कोपऱ्यात गेलं. गिऱ्हाइकांच्या विजारींना लाकडाच्या भुशाचा वास येऊ लागला. पहिल्यांदा रेझिन कालवलं ते हावरटासारखं बादलीभर. ते बादलीतच तापून धुरायला लागलं आणि दगड होऊन बसलं. बादली अजून आहे, दाराला अडसर म्हणून छान चालते. मास्तरीणबाई रोज विचारायच्या, "काय गं, जहाज कुठवर आलं?"

"झालंच आहे. फक्त बटणं राहिलीत."

"तू माझ्या पडद्यांनाही हेच म्हणाली होतीस."

हे मात्र शेडच्या उंबऱ्याआत आले नाहीत. जाता-येता दारातून एक नजर टाकायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, हे टोक जरा धरता का?" त्यांनी धरलं, काम झालं तसं सोडलं आणि गेले. "मला त्यात ओढू नकोस," जाताना म्हणाले. रागानं नाही. तापात माणूस पांघरूण ओढून घेतो, तसे.

थंडी सरत आली तेव्हा सगळे तुकडे कापून झाले होते. दोन तळाचे, दोन कुशीचे, मोटर टांगायची मागची जाड फळी, आणि आत बसवायच्या आडव्या चौकटी. मग मी शिवायला बसले. तार ओवायची, पकडीनं पिळायची. बोटं सोलली, पण होडी उभी राहायला लागली. जमिनीवरचं कापड कुणाच्या तरी अंगावर चढावं, तशी. मागून पुढं शिवत गेले आणि दुपारी नाकापाशी आले.

नाक मिटेना.

तुकडे एकमेकांवर चढत होते. ओढलं तर फुगत होते, ढकललं तर फाकत होते. मी चौकटी आत बसवून पाहिल्या, की आकार येईल. चौकटी आत खुळखुळल्या. बापाच्या कोटात पोरगं उभं राहावं तशा. चहूबाजूंनी फट. मी टेप घेऊन माप घेतलं, आराखडा पाहिला, पुन्हा माप घेतलं. टेप खोटं बोलत नाही, आराखडाही खोटं बोलत नव्हता. मग राहिलं कोण? दारात वखारवाल्याचा प्रश्न उभा राहिल्यासारखं वाटलं, कारण अशी फाकलेली होडी दारातून निघणारही नव्हती. मी चौकट हातात धरून खालीच बसले. उन्हाळा गल्लीच्या तोंडाशी आला होता.

किती वेळ बसले कुणास ठाऊक. मशीनचा नाही, ड्रिलचा नाही, कसलाच आवाज येईना, म्हणून हे दारात आले असणार.

"काय झालं?"

"बसत नाहीये."

ते उंबरा ओलांडून आत आले. होडीभोवती एक फेरी मारली. वाकले, कडेवरून अंगठा फिरवला. तिथं माझ्याच हातच्या दोन रेघा होत्या, आतली एक, बाहेरची एक, दोन्हीत अर्ध्या इंचाचं अंतर. मी बाहेरच्या रेघेवर कापलं होतं.

"ही दुसरी रेघ कसली?"

"ती माया," मी म्हणाले.

"कसली?"

"माया. शिवणीत जाते ती. कापताना अर्धा इंच जास्तीचं सोडतात ना सगळीकडून, दुमडायला..."

आणि बोलता बोलताच मला कळलं. माझा हात कागदाच्या कडेवरून आपोआप अर्धा इंच बाहेर सरकला होता, आयुष्यभर सरकत आला तसा. एकूण एक तुकड्याला. चौकटींना मात्र नाही, कारण त्यांना मी मनातून कॉलरमधलं बकरम समजत होते, आणि बकरमला माया सोडत नाहीत. कापडात ती आत दुमडते. हे प्लायवूड. ते काय दुमडणार, कप्पाळ?

यांनी माझ्याकडं पाहिलं. तोंडाची एक बाजू हलली. "अगं," ते म्हणाले, "होडी आहे ही. शाळेचा गणवेश नाही."

मी हातातली चौकट खाली ठेवली.

"पुढच्या वर्षी अंगानं भरेल, म्हणून वाढती शिवलीस काय?"

आणि हसले. असे हसले, की होडीची कड धरावी लागली. शेडचा पत्रा थरथरला. भिंतीपलीकडून मास्तरीणबाई धावत आल्या, त्यांना वाटलं कुणाला विजेचा झटका बसला. "काय झालं? काय झालं?" मला रडू येत होतं आणि हे डोळे पुसत त्यांना सांगत होते, "हिनं... हिनं होडीला माया सोडलीय!"

"मग आता?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मग आता काय," मी नाक पुसलं. "उसवायची."

त्यात मी कुणाला हार जाणार नाही. उसवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. आणि एक गोष्ट बरी होती. आतली खरी रेघ जागेवर होती. कमी कापलं असतं तर सगळं प्लायवूड चुलीत गेलं असतं. जास्तीचं कापलेलं आत घेता येतं. मी पकड उचलली आणि पहिली तार सोडवली. दुसरी सोडवायला गेले, तर हे पलीकडच्या बाजूची सोडवत होते.

"मला त्यात ओढू नकोस म्हणाला होतात."

"ओढलं कुठंस? मी हसायला आलो होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी रविवार नसताना ते उठले. आतल्या रेघेपर्यंत रंधा मारायचं काम त्यांनी घेतलं. जुन्या भोकांची अर्धी-अर्धी भोकं कडेला राहिली, उंदरानं बिस्कीट कुरतडावं तशी. ती पुढं लेपानं भरून निघाली. मी नवी भोकं पाडली, नव्या तारा ओवल्या. या खेपेला नाक असं मिटलं, की मलाच उगीच लाजल्यासारखं झालं. चौकटी ठक्कन बसल्या. सांध्यांत भुसा कालवलेलं रेझिन लोण्यासारखं भरलं, वर पट्टी बसवली. होडी उलटी करून तळ मढवला. उलटी करताना मास्तरीणबाईंनीही एक कोपरा धरला आणि "एक, दोन, तीन" म्हणायचं काम स्वतःकडं घेतलं.

बोलणं अजून थोडंच होतं, पण कामाचं होतं. हे म्हणाले, "मागच्या फळीला खाली भोक पाडावं लागेल. आत साठलेलं पाणी काढून टाकायला."

"एवढं जिवाचं रान करून पाण्याच्या वाटा बुजवल्या, आणि आता आपणच भोक पाडायचं?"

"त्याला बूच असतं."

पितळेचं छोटं, आट्यांचं बूच त्यांनी कुठून तरी आणलं. रंगकाम होईस्तोवर हरवू नये म्हणून मी ते जपून ठेवलं.

एकच गोष्ट जमत नव्हती. मी म्हणायचे, "धक्क्यावर नेऊ, तिथूनच सोडू." की हे रंधा खाली ठेवायचे. "तुम्ही न्या. मोटर लावून देतो मी. पुढं तुझं तू बघ." धक्क्याचं नाव निघालं की परत ते जुने हं आणि बरं.

तळेवाला ठरल्याप्रमाणे टेम्पो घेऊन आला. निळी होडी अंगणात लाकडाच्या ठोकळ्यांवर बसली होती, शेडच्या दारातून चार-चार बोटं राखून निघालेली. त्यानं तिला प्रदक्षिणा घातली, टकटक केलं.

"सुरेख आहे," तो म्हणाला. "पण वहिनी, अंगणात सगळ्याच होड्या सुरेख असतात. पाण्यावर चालताना म्हणालो होतो मी."

"शब्द तसाच होता," हे म्हणाले.

तेव्हा ज्या टेम्पोतून मोटर जायची, त्यातूनच होडी धक्क्यावर गेली. मोटर तिच्या पाठीवर. मास्तरीणबाई पुढच्या सीटवर, निमंत्रण नसताना. हे मागून चालत आले आणि धक्क्याच्या वरच्या पायरीपाशी थांबले. लाँच बांधायचा लोखंडी खुंट तिथं अजून होता. त्यावर हात ठेवून उभे राहिले.

"या ना खाली," मी म्हणाले.

"तू बस. बघतो मी इथून."

मी आणि तळेवाल्यानं होडी उतारावरून पाण्यात सरकवली. तरंगली! हलकी, नाक वर करून, जणू तिचा जन्मच तिथं झालेला. तळेवाल्यानं दोरी धरली, मी चढले. मोटर मी आयुष्यात चालवलेली नव्हती, पण कुणीतरी चालवल्याशिवाय ती आपली राहणार नव्हती. मी मागं सरकून मोटरची दोरी पकडली आणि पायाला गार लागलं. म्हटलं, चढताना शिंतोडे उडाले असतील.

"बूच!"

तो आवाज मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. धक्क्यावरची सगळी पाखरं उडाली. तळेवाल्याच्या हातातून दोरी निसटता निसटता राहिली. वरून हे ओरडत होते, नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाईल अशा आवाजात, "बूच! अगं, बूच लाव! शेपूट बसतंय खाली!"

मी खाली पाहिलं. मागच्या फळीतून करंगळीएवढी धार आत येत होती. शांतपणे, अगदी हक्कानं.

वर पाहिलं, तर हे पायऱ्यांवर नव्हतेच. दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आले, गुडघाभर पाण्यातून आले, चपलांसकट होडीत पडले आणि भोकावर अंगठा दाबून बसले.

"बूच कुठंय?"

"डब्यात."

"कुठल्या डब्यात?"

मला सांगायची लाज वाटली. "बटणांच्या."

"आणि डबा?"

"घरी. हरवू नये म्हणून जपून..."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी पुढचं गिळलं. धक्क्यावर मास्तरीणबाई म्हणाल्या, "म्हणजे खरंच बटणंच राहिली की गं!"

"मी पळत जाऊन आणते," मी उठले.

"बस खाली! हललीस तर आणखी भरेल. पुढं सरक. नाकाकडं. आणखी सरक."

"कशाला?"

"होडी जोरात सुटली की भोकातनं पाणी आत येत नाही, आतलं बाहेर जातं. सरक म्हणतो ना! ए तळेवाल्या, दोरी टाक!"

एक अंगठा भोकावर, दुसऱ्या हातात मोटरची दोरी. पहिल्या ओढीला मोटर खोकली. दुसऱ्या ओढीला तिनं घेतलं. ड्रममध्ये इतके दिवस जागच्या जागी धावलेली ती, तिला अचानक सगळी नदी मिळाली. होडीनं नाक उचललं, मी फळीला घट्ट धरलं, धक्का मागं पळाला. यांनी अंगठा काढला. आणि खरंच, आत साठलेलं पाणी तळावरून सळसळत मागं गेलं आणि त्या भोकातून बाहेर ओढलं गेलं. घडीभरात तळ कोरडा.

"निघालं सगळं!" मी ओरडले. "थांबवा आता!"

"थांबवता येत नाही!"

"का?"

"थांबलो की परत भरेल!"

"मग?"

"मग काय! चाललो!"

चाललो. मी पुढं बसून त्यांच्याकडं बघत होते. विजार भिजलेली, एक चप्पल गेलेली, केस उभे, आणि तोंड अखंड चालू. पाण्याचा रंग बदलतो तिथं खाली वाळू असते. तो बघ, तिथं एकदा आमचं इंजिन बंद पडलं होतं आणि नवरा-नवरी अडकली होती, बोहल्यावर चढायच्या आधीच भांडली. मोटर डावीकडं ढकलली की होडी उजवीकडं जाते, समजलं का? ते झाड बघ. ते झाड लावलं तेव्हा एवढं होतं. निम्मं मला वाऱ्यात ऐकू आलं नाही. मान डोलावत राहिले.

मग म्हटलं, असं किती वेळ पळणार, पेट्रोल संपलं की बुडणारच. कानाला हात लावला तर वखारवाल्याची चपटी पेन्सिल तिथंच. कमरेचा रुमाल फाडून मी ती घट्ट गुंडाळली, फेऱ्यावर फेरा, वर सुईदोऱ्याशिवाय जमेल तेवढी गाठ. रांगत मागं गेले आणि गुंडाळी भोकात दाबून बसवली, चपलेनं ठोकली. यांच्या उरलेल्या चपलेनं.

"झालं," मी म्हणाले. "आता थांबता येईल."

यांनी भोकाकडं पाहिलं. मोटर मात्र बंद केली नाही.

पुलाखाली आल्यावर त्यांनी वेग कमी केला. पुलाला त्यांनी इतके दिवस कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. वरून बस गेली, सावलीत तिचा घुमल्यासारखा आवाज आला.

"खालून बरा बांधलाय," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "खांबांना टेकून गाळ साठणार मात्र. सांगायला हवं कुणीतरी त्यांना."

"सांगा की तुम्ही."

"सांगतोच."

मग त्यांनी मला मागं बसवलं आणि मोटरचा दांडा माझ्या हातात दिला. डावीकडं ढकललं की उजवीकडं. माझ्या हाताला ते पटेना. बरंच अंतर गेल्यावर यांनी मागं वळून पाहिलं. पाण्यावर आमची फेसाळ रेघ उमटली होती, नुकत्याच मशीनवर बसलेल्या पोरीनं मारलेल्या टीपेसारखी, इकडं गेलेली, तिकडं गेलेली.

"काय ही शिवण!" हे ओरडले. "उसव आणि परत घाल!"

"गप्प बसा जरा," मी म्हणाले. "मला सुधरू द्या."

म्हणाले आणि माझंच मला हसू आलं. ते काही गप्प बसले नाहीत.

धक्क्याला परत आलो तेव्हा तळेवाला टेम्पोची फळी लावत होता. रिकाम्या टेम्पोची. त्यानं वाकून भोकातल्या रुमालाकडं पाहिलं, मग मोटरकडं जरा हळहळून पाहिलं, आणि यांना हात देऊन वर घेतलं. "मग? झाली म्हणायची का होडी?"

"झालीच आहे!" हे म्हणाले. "फक्त बटणं राहिलीत!"

मास्तरीणबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "अहो, हळू बोला," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडं पाहिलं, मी नेहमीसारखी री ओढेन म्हणून.

मी दोरी लोखंडी खुंटाला बांधत होते. गाठ नीट बसत नव्हती, आणि हे शेजारी उभं राहून ती कशी बांधायची ते साऱ्या नदीला सांगत होते.